‘दिसलं’ म्हणण्याआधी

आमच्या कॅप्टनना शिव्या चालायच्या, पण ‘दिसलं’ हा शब्द कोणी सहज बोललेला चालत नसे.

विमानात शेजारी बसलेला माणूस विचारतो, “डावीकडं विमान आहे, दिसलं का?” आणि आपण मान हलवून “हो, दिसलं” म्हणतो. बऱ्याचदा आपल्याला काही दिसलेलं नसतं. आपण आंधळे ठरू नये, समोरचा वैतागू नये, विषय संपावा, म्हणून आपण बोलून मोकळे होतो. कॅप्टन म्हणायचे, “मशीन बंद पडून मेला तर तो नशिबानं मेला. दिसलं म्हणून मेला तो स्वतःच्या जिभेनं मेला.”

ते आम्हाला उडायला शिकवायचे. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आणि चिकलठाण्याच्या विमानतळाच्या एका कोपऱ्यात आमच्या क्लबची पत्र्याची शेड होती. क्लबची दोन विमानं. एक चार माणसांचं, त्यात रेडिओ होता. दुसरं पुष्पक, दोघांपुरतं, पंख डोक्यावर, अंगावर कापड ताणलेलं, आणि रेडिओ नाही. टॉवरवरून हिरवा दिवा दाखवला तर उतरायचं, लाल दाखवला तर घिरट्या घालत राहायचं. आम्ही पोरं पुष्पकवर शिकलो. पोरं म्हणजे बाकी सगळी पोरंच, आणि एक मी.

मी पाचोडची. घरी मोसंबीची बाग, दोन भाऊ, आणि एकूण घराण्यात सायकलच्या वर काही चालवलेली बाई नाही. कॉलेजसाठी उस्मानपुऱ्यात मामाकडं राहात होते. कॅप्टन मामाच्या मागच्या गल्लीत राहायचे, आणि मामानंच एकदा सहज म्हणून मला विमानतळ दाखवायला नेलं. पुढं ते सहज राहिलं नाही. वडील पाचोडहून आले, धोतर-टोपीत शेडसमोर उभे राहिले आणि कॅप्टनना म्हणाले, “आमची पोरगी कशाला भीत न्हाई, साहेब.”

“मग परत घेऊन जा, पाटील,” कॅप्टन म्हणाले. “न भिणारं माणूस मला नको.”

वडील जरा गडबडले. माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, “तशी भिती जरा. पालीला भिती.”

“व्हय? मग चालतंय,” कॅप्टन म्हणाले, आणि माझं शिक्षण सुरू झालं.

पहिल्याच दिवशी वर गेल्यावर त्यांनी मला विचारलं, “मकबऱ्याच्या डोक्यावर एक पांढरं विमान चाललंय. दिसलं?”

मी बघितलं. मकबरा दिसत होता, मागचे डोंगर दिसत होते. विमान नव्हतं. “नाही, सर.”

“नीट बघ.”

“नाही दिसत.”

“आगं, एवढं मोठं विमान. मिनाराच्या उजव्या अंगाला. डोळे हायेत का बटाटे?”

हो म्हणावं आणि सुटावं असं फार वाटलं. पण खरंच काही नव्हतं. “नाही दिसत, सर,” मी म्हणाले, आणि आता हे मला पाचोडला परत पाठवणार असं धरून चालले.

“दिसणार कसं,” ते म्हणाले. “न्हाईच तिथं.”

संध्याकाळी ते मामाला म्हणाले, पोरगी शिकेल. माझ्याआधी आलेल्या एका मुलाला त्यांनी हेच विचारलं होतं. तो म्हणाला, हो सर, दिसलं, छान चाललंय. कॅप्टननी तिथूनच विमान वळवलं, उतरवलं, आणि त्या मुलाला दिवसभर वाऱ्याच्या मोज्याखाली बसवलं. वाऱ्याचा मोजा म्हणजे खांबावर लटकणारी कापडी पिशवी, वारा कुठून येतोय ते सांगणारी. तिथं बसून आभाळात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचं नाव घ्यायचं आणि ती कुठं चाललीय ते सांगायचं. त्या मुलानं दिवसभर घारी सांगितल्या. पुढं तो चांगला पायलट झाला.

कॅप्टनचं मूळ गाव अजिंठ्याच्या अलीकडं. वडील निजामाच्या कचेरीत कारकून, त्यामुळं ह्यांचं शिक्षण उर्दूत झालेलं. बोलणं मराठी, पण हिशेब उर्दूत. उंची सांगतानाही शून्याला ते सिफर म्हणायचे. पोलिस ॲक्शनच्या दिवसांत गावावरून विमानं गेली तेव्हा सगळं गाव घरात लपलं आणि हे माळवदावर चढून उभे राहिले, अशी एक गोष्ट ते स्वतः सांगायचे. त्यात शौर्य वगैरे काही नसायचं. “आईनं खाली ओढून लई मारलं,” इथं गोष्ट संपायची.

अंगानं किरकोळ, मिशी पांढरी, पायात बाराही महिने कोल्हापुरी चप्पल. विमानात बसताना फक्त बूट. काच ते स्वतः पुसायचे, बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यानं, आणि दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, ही त्यांची सोवळ्यासारखी काहीतरी खोड. एकदा विचारलं तेव्हा त्यांनी काचेवरचा एक बारीक ठिपका दाखवला.

“हा काय आहे?”

“घाण, सर.”

“का विमान?”

मी वाकून जवळून बघितलं.

“जे विमान काचेत सरकताना दिसतंय, त्याची फिकीर नको. ते बाजूनं निघून जातंय. जे एका जागी थांबलेलं दिसतंय आणि नुसतं मोठं होतंय, ते तुझ्याकडं येतंय. आता काचेवरचा ठिपकाबी एका जागी थांबतो आणि ते विमानबी. कोणतं कोणतं, कसं कळायचं?” आणि त्यांनी तो ठिपका पुसला.

जमिनीवरही ते असेच वागायचे. त्यांची एक जुनी स्कूटर होती. चौकात रस्ता रिकामा असला तरी थांबायचे, डावीकडं बघायचे, उजवीकडं बघायचे, पुन्हा डावीकडं बघायचे. मागं रिक्षावाले हॉर्न वाजवून वैतागायचे. एक रिक्षावाला एकदा शेजारी येऊन म्हणाला, “क्या चचा, मुहूरत देख रहे क्या?” कॅप्टन म्हणाले, “हौ. तू निकल जा, मेरा मुहूरत तेरे बाद है.”

पण त्यांचा खरा हट्ट असायचा तो विमानतळावर परत येण्याचा. आम्हाला वाटायचं, विमान उडवणं अवघड, त्याहून अवघड उतरवणं. ते म्हणायचे, “उतरायला बैलबी शिकंल. यायचं कसं ते शिका.” दुरून येताना धावपट्टी समोर दिसली की कोणालाही वाटतं, चला, सरळ जाऊन टेकावं. ते त्यांना अजिबात मंजूर नव्हतं. आधी उंच राहायचं आणि धावपट्टीच्या डोक्यावरून आडवं जायचं. खाली बघायचं, वारा कुठला, कोण उडतंय, कोण उतरतंय. मग ज्या बाजूला कोणी फिरत नसतं त्या बाजूला उंची कमी करायची, धावपट्टीचं पुढचं टोक ओलांडायचं, आणि मगच बाकीची विमानं ज्या चौकोनात फिरत असतात त्यात शिरायचं. त्या चौकोनाला आम्ही सर्किट म्हणायचो. सगळ्यांची उंची एक, सगळ्यांचं वळणं एकाच बाजूला. त्यामुळं नवा माणूस भलतीकडून घुसला की तो नेमका कोणाच्या तरी अंगावर जातो.

“दुसऱ्याच्या दारात जाताना आपण खाकरतो का न्हाई?” ते विचारायचे. “का? तर आतल्या माणसाला कळावं, कोणीतरी आलंय. बायामाणसं सावरून बसावीत. हितं पुष्पकला घसाच न्हाई. रेडिओ न्हाई म्हणजे घसा न्हाई. मग आपण काय करायचं? दारात उभं राहायचं आणि आत कोण बसलंय ते बघून घ्यायचं. सगळे दिसले की मग उंबरा ओलांडायचा.”

ह्या हट्टापायी त्यांनी एका मंत्र्याला नाराज केलं होतं. ते माझ्या आधीचं, पण क्लबमध्ये सगळ्यांना पाठ होतं. मंत्रिमहोदय चार माणसांच्या विमानातून शहरात कसल्याशा उद्घाटनाला येत होते. खाली गाड्या, हार, बँड. कॅप्टन धावपट्टीच्या डोक्यावर आले, तर टॉवर म्हणतोय या, रस्ता मोकळा आहे. पण टॉवरनं ज्या दुसऱ्या विमानाचं नाव घेतलं होतं, ते कॅप्टनना दिसेना. त्यांनी एक चक्कर मारली. दिसेना. दुसरी मारली. खाली बँडवाल्यांची एक धून संपली, दुसरी सुरू झाली. मंत्री म्हणाले, “अहो कॅप्टन, ते लोक हार घेऊन उन्हात उभे आहेत.”

“साहेब, हार तुमच्या गळ्यात पडले पाहिजेत, फोटोवर न्हाई,” कॅप्टन म्हणाले, आणि तिसऱ्या चकरेला लागले.

ते दुसरं विमान केव्हाच उतरून शेडच्या सावलीत उभं होतं. टॉवरला सांगायचं राहिलं होतं. कॅप्टनवर पुढं कागदोपत्री काहीतरी झालं म्हणतात. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. विमान दिसलं, एवढ्यावर ते खूश होते.

त्यांना असं कशामुळं झालं असेल, ह्यावर आम्ही पोरं बरंच बोलायचो. कोणी म्हणे, त्यांचा जिवलग दोस्त आभाळात टक्कर होऊन गेला. कोणी म्हणे, त्यांच्या हातूनच काहीतरी झालंय. एकदा मी काकूंना विचारलं. काकू ओट्यावर शेंगा फोडत होत्या.

“काही झालं न्हाई बाई,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासनं असंच. मला बघायला आले तेव्हा मी खाली मान घालून बसले होते, तर म्हणाले, मान वर कर, नीट दिसलं न्हाई. सगळी बैठक हसली. आमच्या वडलांना तर राग आला.”

मग शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, “आणि एवढं दिसलं-न्हाई दिसलं करणाऱ्या माणसाला हल्ली मिठाचा डबा दिसत न्हाई. समोर असतोय. खिडकीपाशी.”

मी हसले. पुरुषांना स्वयंपाकघरात काही सापडत नाही, हे आमच्याही घरी होतं.

माझी परीक्षा जवळ आली तेव्हा कॅप्टननी मला दक्षिणेकडं लांब उड्डाणाला नेलं. पैठणपर्यंत जायचं, तिथून वळून पाचोडवरून परत. हिवाळ्याचे दिवस. पाचोडवर आम्ही एक चक्कर मारली. बागेत वडील टोपी काढून हलवत होते आणि दोन्ही भाऊ मोटारीच्या पाइपाशेजारी उभे होते. ज्या भावानं मी क्लबात जाते म्हणून माझ्याशी बोलणं टाकलं होतं, तोही हात हलवत होता. कॅप्टन म्हणाले, “बघून झालं? आता घरची माणसं डोक्यातनं काढ. यायचं काम बाकी हाय.”

परत आलो तेव्हा सूर्य खाली उतरलेला. वारा पश्चिमेचा, अगदी थोडा, म्हणजे पश्चिमेकडं तोंड करून उतरायचं. मी सगळं शिकवल्याप्रमाणं केलं. उंच राहून धावपट्टी आडवी ओलांडली. खाली मोजा बघितला. धावपट्टी रिकामी. टॉवरचा हिरवा दिवा लागला. उत्तरेच्या बाजूला उंची कमी केली, मग डावीकडं वळून पश्चिमेचं टोक ओलांडून दक्षिणेला निघाले. पुढं परत डावीकडं वळायचं आणि सर्किटमध्ये शिरायचं. विमान मी चालवत होते. मी डावीकडं, कॅप्टन उजवीकडं.

त्यांच्या खिडकीतून, सूर्याच्या जरा खाली, मला एक पिवळा ठिपका दिसला.

कपाशीवर फवारणी करणारं एक विमान त्या हंगामात विमानतळावर मुक्कामाला होतं. त्यालाही रेडिओ नव्हता. ते पश्चिमेकडून येत होतं, आमच्याच उंचीवर.

“सर, उजवीकडं विमान. आपल्याच उंचीवर. आपल्याकडं येतंय.”

कॅप्टननी मान वळवली. जरा वेळ बघितलं.

“दिसलं,” ते म्हणाले. “चालू ठेव. मागनं जाईल आपल्या.”

ते दिसलं म्हणाले म्हणजे विषय संपला. निदान आमच्या क्लबमध्ये तरी संपत असे. मी नजर पुढं वळवली. पण का कोण जाणे, परत एकदा त्यांच्याकडं बघितलं. त्यांचे डोळे बारीक झाले होते, पापण्यांतून पाणी येत होतं, आणि ते जिकडं बघत होते तिकडं विमान नव्हतं. तिथं एक घार होती. विमान तिच्या बरंच खाली होतं. खिडकीच्या त्याच जागी थांबलेलं, आणि आता ठिपका राहिलेलं नव्हतं. त्याचा पंखा दिसत होता.

मी सुकाणूची काठी पुढं दाबली. विचारलं नाही. पुष्पकचं नाक खाली गेलं, मागची पिशवी उडून माझ्या मानेवर आदळली. वरून सावली गेली. इतक्या जवळून, की त्या विमानाच्या पोटावरचे तेलाचे ओघळ मला दिसले आणि फवारणीच्या औषधाचा वास आमच्या विमानात भरला.

मग काही नव्हतं. फक्त आमच्या इंजिनाचा आवाज.

मी विमान सरळ केलं. कॅप्टन हळू म्हणाले, “वर जा. परत डोक्यावरनं सुरू कर. पहिल्यापासनं.”

मी वर गेले. परत धावपट्टी आडवी ओलांडली, परत सगळं केलं. ह्या वेळी कॅप्टननी एकदाही बाहेर बघितलं नाही. ते आपल्या दोन्ही हातांकडं बघत होते. मी उतरवलं. आजवरचं माझं सगळ्यात हलकं उतरणं ते असावं, पण त्याचं कौतुक करायला कोणी नव्हतं.

फवारणीचं विमान आधीच उतरलं होतं. त्याचा पायलट, पंजाबकडचा एक तरणा मुलगा, औषधाच्या पिंपांच्या कडेला बसून चहा पीत होता. कॅप्टन बुटांसकट तसेच त्याच्याकडं चालत गेले. मी मागोमाग. मला वाटलं, आता भांडण होणार. कॅप्टन त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

“माफ करना, बेटा.”

तो मुलगा दचकून उभा राहिला. “क्या हुआ, सर?”

“अभी, सर्किट में. हम तेरे नीचे से निकले.”

तो म्हणाला, “कौन निकला? मैंने तो किसी को देखा ही नहीं.”

कॅप्टननी माझ्याकडं हात केला.

“मैंने भी नहीं देखा,” ते म्हणाले. “इसने देखा.”

त्या मुलानं कप खाली ठेवला. तो खाली बसला. कॅप्टनही त्याच्या शेजारी पिंपाला टेकून बसले. मला काय करावं सुचेना, म्हणून मी आणखी दोन चहा सांगून आले. तिघंही चहा प्यालो. त्या मुलानं एकदा विचारलं, कितने पास? मी हात वर करून शेडच्या पत्र्याइतकं अंतर दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पोरं शेडमध्ये जमली होती. कॅप्टन आले, चप्पल घालून. काच पुसायचं फडकं त्यांनी टेबलावर ठेवलं.

“काल मी दिसलं म्हणालो,” ते म्हणाले. “दिसलं नव्हतं.”

पोरांना पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग त्यांनी काय घडलं ते सगळं सांगितलं, कुठून आलो, सूर्य कुठं होता, मी काय म्हणाले, ते काय म्हणाले. स्वतःला शिवीही दिली नाही आणि सांभाळूनही घेतलं नाही. एक मुलगा म्हणाला, “सर, सूर्य समोर होता. कोणालाही नसतं दिसलं.”

“हिला दिसलं,” ते म्हणाले. “आणि मला न दिसणं ही वेगळी गोष्ट. ते डॉक्टर बघंल. पण मी म्हणालो काय? पोरगी शेजारी बसून सांगतीय, आणि मला न्हाई दिसत असं म्हणायची मला लाज वाटली. आता ह्या माणसाकडनं तुम्ही काय शिकणार?”

मी खाली फरशीकडं बघत होते.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. कोवळा होता. तक्त्यावरची अक्षरं वाचता यायची म्हणून तपासणीत निभावून जात होतं, पण उजेडाकडं तोंड केलं की सगळं पांढरं व्हायचं. खिडकीपाशी ठेवलेला मिठाचा डबा त्यातलाच. काकू मला म्हणाल्या, “आणि मी त्यांना बोलत होते गं.” क्लबच्या मंडळींनी कॅप्टनना सांगितलं, ऑपरेशन करा, मग बघू, तोवर सुट्टी समजा. त्यांनी ऑपरेशन केलं, पण क्लबला नाही म्हणून कळवलं. जाड भिंगांचा चष्मा लागला. त्यात त्यांचे डोळे मोठे आणि जरा दचकल्यासारखे दिसायचे. विमानात ते पुन्हा बसले नाहीत. शेडमध्ये येऊन फळ्यावर शिकवायचे मात्र. फळ्यावर सर्किटचा चौकोन काढायचे आणि खडूनं कुठंतरी एक ठिपका मारून विचारायचे, हा कुठं चाललाय?

पुढचं मला एका तरुण शिक्षकानं शिकवलं. तो सभ्य होता, आणि कधी रागवायचा नाही. मी परीक्षा पास झाले. लायसन्स हातात आलं तेव्हा पेढे घेऊन पहिली कॅप्टनकडं गेले. त्यांनी लायसन्स चष्म्याजवळ धरून बघितलं, मान हलवली, पेढा खाल्ला. आता मला कोणालाही शेजारी बसवून नेता येणार होतं. मी म्हणाले, “सर, चला. तुम्हाला एक चक्कर मारून आणते.”

“मला काय नवं आहे तिथं,” ते म्हणाले.

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, “मला न्हाई नेणार का?”

तेव्हा मला कळलं, की एवढं आयुष्य विमानात घालवलेल्या ह्या माणसानं बायकोला एकदाही वर नेलेलं नव्हतं. मी त्यांच्याकडं बघितलं. ते वाटीतला दुसरा पेढा निवडत होते.

“ती शेजारी असली की माझं सगळं लक्ष तिच्याकडंच जाईल,” ते म्हणाले. “मग बाहेर कोण बघणार?”

“आता तुम्हाला कुठं बघायचंय,” काकू म्हणाल्या.

त्या रविवारी आम्ही तिघं रिक्षानं चिकलठाण्याला गेलो. काकूंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि प्रवासाला निघाल्यासारखी हातात पिशवी घेतली होती. पिशवीत काय आहे विचारलं तर म्हणाल्या, दशम्या. कॅप्टननी रिक्षातून उतरल्यापासून मला सूचना द्यायला सुरुवात केली. पट्टा दोनदा बघ. काच पुसली का. वारा फिरतोय, ध्यान ठेव. तिला उलटी आली तर घाबरू नको. मग काकूंचा पदर पट्ट्याखाली नीट गेलाय का ते त्यांनी स्वतः वाकून बघितलं आणि दार लावलं. आम्ही निघालो तेव्हा ते कुंपणापाशी उभे होते, चष्मा पुसत.

काकू अजिबात घाबरल्या नाहीत. मकबरा बघितला, किल्ल्याचा डोंगर बघितला. उस्मानपुऱ्यावरून जाताना स्वतःची गच्ची शोधली आणि वाळत घातलेल्या पापडांवर कावळा बसलाय का ते बघायला वाकल्या. धावपट्टीच्या डोक्यावरून जाताना मी गप्प झाले, तशा त्याही गप्प झाल्या. उतरेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

विमान शेडसमोर थांबवलं. कॅप्टन कुंपणापाशी नव्हते. शेडमध्येही नव्हते. चौकीदाराला विचारलं, तर त्यानं मागं बोट दाखवलं.

ते शेडच्या मागच्या बाजूला, धावपट्टीकडं पाठ करून, एका उलट्या पिंपावर बसले होते. चष्मा काढून खिशात ठेवलेला. आम्ही समोर जाऊन उभ्या राहिलो तेव्हाच त्यांना कळलं.

“बघितलं का मला?” काकूंनी विचारलं.

“न्हाई.”

“एवढा वेळ काय केलं मग?”

कॅप्टन उठले. काकूंच्या हातातली पिशवी त्यांनी आपल्याकडं घेतली.

“बघवंना गं,” ते म्हणाले, आणि दोघं रिक्षाकडं चालू लागले.